पुशरॉड की चार कॅमशाफ्ट? मस्टँग, कॅमारो, चॅलेंजर आणि कॉर्व्हेटच्या इंजिनांची तुलना

वुडवर्ड

फोर्डची मस्टँग आणि शेव्हरोलेची कॅमारो यांची तुलना निघाली की चर्चा हमखास एका वाक्यापाशी येऊन अडते: फोर्ड ५ लिटरमधून ४६० अश्वशक्ती काढते, शेव्हरोलेला जवळपास तेवढ्याच शक्तीसाठी ६.२ लिटर लागतात, म्हणजे फोर्डचे इंजिन आधुनिक आणि शेव्हरोलेचे जुनाट. मी अकरा वर्षांपासून मिशिगनमध्ये राहतो आणि दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे हौशी गाडीवाल्यांच्या मेळ्याला, जातो. हे वाक्य तिथे जितक्या वेळा कानावर पडले, तितक्याच वेळा आपल्या मंडळींच्या तोंडूनही ऐकले आहे. ते मला मुळीच पटत नाही आणि का पटत नाही हे सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी दोन्ही इंजिने समोर ठेवू. २०१६ ते २०२४ च्या कॅमारो एसएसमध्ये एलटी१ नावाचे ६.२ लिटरचे व्ही-८ (व्हीच्या आकारात आठ सिलिंडर) होते. ब्लॉकच्या पोटात एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दंड), त्याचा धक्का वर नेणाऱ्या सोळा सळया म्हणजे पुशरॉड, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप). शक्ती ६,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ४५५ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६१७ न्यूटन मीटर. मस्टँग जीटीमध्ये कोयोट आहे: ५ लिटर, हेडवर (सिलिंडरांच्या वरच्या भागावर) चार कॅमशाफ्ट, बत्तीस व्हॉल्व्ह. २०११ मध्ये ते ४१२ अश्वशक्तीचे होते, २०१५ मध्ये ४३५ झाले आणि २०१८ मध्ये ७,००० आरपीएमला ४६० अश्वशक्ती व ५६९ न्यूटन मीटर इथपर्यंत पोहोचले.

लिटरमागे किती अश्वशक्ती हा हिशेब आपल्याला इतका जवळचा वाटतो, कारण आपण सीसीच्या भाषेत वाढलो आहोत. भारतात पेट्रोल गाडी १,२०० सीसीच्या आत आहे की बाहेर यावर कराचा दर ठरतो; युरोपात आणि जपानमध्येही इंजिनाच्या आकारावर कर लावण्याची जुनी परंपरा आहे. जिथे सीसीला पैसे पडतात तिथे प्रत्येक सीसी पिळून काढणे हे शहाणपणाचेच काम आहे. अमेरिकेत गाडी घेणाऱ्याला असा थेट कर नाही. इथल्या अभियंत्याला खरी टंचाई असते ती बॉनेटखालच्या जागेची, वजनाची आणि पैशाची.

म्हणून मी लिटर मोजण्याआधी एक वेगळाच आकडा पाहतो: शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधले अंतर. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये हे अंतर १९५५ पासून ४.४ इंच, म्हणजे १११.७६ मिलिमीटर आहे. फोर्डचे कोयोट ज्या घराण्यातले आहे, ते मॉड्युलर घराणे १९९१ च्या लिंकन टाउन कारमधून रस्त्यावर आले आणि तिथे हे अंतर १०० मिलिमीटर ठेवले गेले, कारण तेच इंजिन पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत आडवे बसवण्याची सोयही हवी होती. एकदा १०० मिलिमीटर ठरले की सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, फार वाढवता येत नाही. २०१८ च्या कोयोटचा बोअर ९३ मिलिमीटर आहे, म्हणजे दोन सिलिंडरांमध्ये जेमतेम ७ मिलिमीटर धातू उरतो. तेवढेही जमावे म्हणून फोर्डने लोखंडी लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेली नळी) काढून टाकला आणि ॲल्युमिनियमच्या भिंतीवर प्लाझ्माच्या साहाय्याने पोलादाचा पातळ थर फवारला. बोअर वाढत नसेल तर शक्ती आणायची कुठून? आरपीएम वाढवून. आणि आरपीएम वाढवायचे तर व्हॉल्व्हवर स्वार झालेला कॅमशाफ्ट हवाच. फोर्डचे चार कॅमशाफ्ट ही आधुनिकतेची हौस नसून त्या १०० मिलिमीटरमधून निघालेली वाट आहे.

शेव्हरोलेपुढे ही अडचण नव्हती. एलटी१चा बोअर १०३.२५ मिलिमीटर आहे, त्यामुळे दोनच व्हॉल्व्ह असले तरी ते ऐसपैस मोठे बसतात. वर कॅमशाफ्ट नसल्याने हेड सडपातळ राहते. गेल्या हिवाळ्यात एका मित्राच्या गॅरेजमध्ये ही दोन्ही इंजिने स्टँडवर शेजारी शेजारी उभी होती. एलटी१च्या व्हॉल्व्ह कव्हरची रुंदी माझ्या पसरलेल्या पंजात मावत होती. कोयोटच्या कव्हरखाली दोन कॅमशाफ्ट असल्याने ते दोन्ही बाजूंना बाहेर आले होते आणि पुढून पाहिले तर ५ लिटरचे इंजिन ६.२ लिटरच्या इंजिनापेक्षा स्पष्टपणे रुंद दिसत होते. मस्टँगचे बॉनेट उघडल्यावर हात घालायला जागा का मिळत नाही, याचे उत्तर तिथेच मिळते.

यंत्रवेडा

वुडवर्ड, सिलिंडरांमधल्या अंतराचा मुद्दा मोलाचा आहे, पण तुमच्या मांडणीत कोयोटवर थोडा अन्याय होतो असे मला वाटते. लिटरमागे अश्वशक्ती सोडा, लिटरमागे टॉर्क पाहा. कोयोटमध्ये तो साधारण ११३ न्यूटन मीटर येतो आणि एलटी१मध्ये १००. टॉर्कचा संबंध आरपीएमशी नाही. प्रत्येक फेऱ्यात सिलिंडर किती हवा घेतो आणि ती किती चांगली जाळतो, याच्याशी आहे. म्हणजे कोयोट नुसते जास्त फिरते असे नाही, ते श्वासही अधिक चांगला घेते.

त्याचे कारण चार व्हॉल्व्हमध्ये आहे, तसेच कॅमशाफ्टच्या स्वातंत्र्यातही आहे. एलटी१मध्ये एकाच कॅमशाफ्टवर इनटेक (हवा आत घेणारे) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) दोन्ही व्हॉल्व्हचे कॅम, म्हणजे त्यांना ढकलणारे उंचवटे, असल्याने टायमिंग, म्हणजे उघडण्याची वेळ, बदलले की दोघांचे एकत्रच बदलते. कोयोटमध्ये दोन्ही स्वतंत्रपणे पुढे-मागे सरकतात. कमी आरपीएमला एक जुळणी, वरच्या आरपीएमला दुसरी. शिवाय २०१८ पासून त्यात पोर्ट (सिलिंडरबाहेर) आणि डायरेक्ट (थेट सिलिंडरमध्ये) अशी इंधन फवारणारी दोन्ही इंजेक्शने आहेत, म्हणूनच १२ कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण बाराव्या हिश्शात दाबणे, शक्य झाला.

पुशरॉडमध्ये हे स्वातंत्र्य अगदीच अशक्य आहे असे नाही. डॉजच्या व्हायपरने २००८ मध्ये ८.४ लिटरच्या व्ही-१० इंजिनात कॅमशाफ्टच्या आत दुसरा कॅमशाफ्ट बसवून एक्झॉस्टचे टायमिंग वेगळे केले होते. फार देखणे काम होते ते, पण मोठ्या संख्येने निघणाऱ्या गाडीत ते कुणी आणले नाही.

वुडवर्ड

यंत्रवेडा, लिटरमागे टॉर्कचा मुद्दा मान्य आहे; तो माझ्या लेखात यायला हवा होता. फक्त त्याला एक जोड देतो. चाकापर्यंत जो जोर पोहोचतो तो लिटरमागचा नसून एकूण असतो. ४,४०० आरपीएमला कॅमारोचे ६१७ न्यूटन मीटर हातात असतात आणि तिसऱ्या गियरमध्ये वळणातून बाहेर पडताना हा फरक पाठीला जाणवतो. कोयोटचा चालक त्याच ठिकाणी एक गियर खाली घेतो आणि मग वरच्या आरपीएममध्ये इंजिन जी धाव घेते ती मात्र कॅमारोत नाही. मी दोन्ही गाड्या साउथ हेवनजवळच्या जिंजरमन ट्रॅकवर चालवल्या आहेत. कॅमारोत मी गियर विसरून वळणाकडे लक्ष देऊ शकलो. मस्टँगमध्ये सहा-साडेसहा हजारांच्या पुढे सुई जात असताना गियर बदलावासाच वाटत नव्हता.

सांगलीचा बुलेटवाला

या गाड्या मी पाहिल्या नाहीत, पण पुशरॉडबद्दल दोन शब्द लिहिण्याचा मला हक्क आहे असे वाटते, कारण जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर मी तीस वर्षे काम केले आहे. टॅपेटचे झाकण उघडायचे, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणायचा आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवून पाहायचा. तो अलगद गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली मुळीच हलता कामा नये. इतकेच सेटिंग. पुशरॉड जास्त फिरणाऱ्या इंजिनाला चालत नाही असे मी नेहमी ऐकत आलो आहे, कारण मधली सगळी सळई, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) आणि टॅपेट (कॅमवर टेकणारा तुकडा) हे वजन प्रत्येक फेऱ्यात उचलायचे आणि पुन्हा थांबवायचे असते आणि स्प्रिंग ते परत आणायला अपुरी पडली की व्हॉल्व्ह कॅमला सोडून हवेत तरंगतो. मग अमेरिकेतले हे इंजिन ६,५०० आरपीएमपर्यंत कसे जाते, हे कुणी समजावून सांगेल का?

कोथरूड ते केंटकी

बुलेटवाले, तुम्ही रोगाचे निदान अचूक केले आहे. ६,५०० कशाला, त्याच घराण्यातले एलएस७ तर ७,००० आरपीएमपर्यंत जात होते. शेव्हरोलेच्या २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधले हे ७ लिटरचे इंजिन ५०५ अश्वशक्तीचे होते आणि त्यात इनटेक व्हॉल्व्ह व कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे होते. म्हणजे उत्तर तुम्हीच दिले आहे: उचलायचे वजन कमी करा आणि स्प्रिंग कडक करा.

इथे मला आणखी एक मोजमाप आणायचे आहे, ते म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग. स्ट्रोकची (पिस्टन वरून खाली जितके अंतर जातो त्याची) दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले साठ, इतका सोपा हिशेब आहे. एलटी१चा स्ट्रोक ९२ मिलिमीटर. ६,५०० आरपीएमला पिस्टन सेकंदाला सुमारे १९.९ मीटर वेगाने धावतो. कोयोटचा स्ट्रोक ९२.७ मिलिमीटर, ७,५०० ला २३.२ मीटर. आणि एलएस७चा स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर, ७,००० ला २३.७ मीटर. म्हणजे ज्याला लोक ट्रॅक्टरचे इंजिन म्हणतात, त्याचे पिस्टन कोयोटपेक्षा जास्त वेगाने पळत होते. आरपीएमचा काटा पाहून इंजिनावर किती ताण आहे ते कळत नाही. स्ट्रोक विचारावाच लागतो.

आणि कृपया कुणी असे समजू नये की शेव्हरोलेच्या मूळ कंपनीला, जनरल मोटर्सला, चार कॅमशाफ्ट जमत नव्हते. १९९० च्या कॉर्व्हेट झेडआर-१ मध्ये ब्रिटनच्या लोटस कंपनीच्या मदतीने आखलेले एलटी५ होते: ५.७ लिटर, चार कॅमशाफ्ट, बत्तीस व्हॉल्व्ह, ३७५ अश्वशक्ती आणि १९९३ पासून ४०५. त्याची बांधणी ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर येथे, बोटींची इंजिने बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनकडे दिली होती. ते इंजिन उत्तम होते, पण रुंद आणि महागडे होते. नंतर १९९७ मध्ये ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे साधे पुशरॉड एलएस१ आले, ३४५ अश्वशक्तीचे, आणि काही वर्षांतच त्याच्या पुढच्या आवृत्तीने, २००२ च्या झेड०६ मध्ये, ४०५ हाच आकडा गाठला.

ओंटारियोतून

डॉजचे नाव अजून व्हायपरपुरतेच आले आहे, म्हणून लिहितो. मी ब्रॅम्प्टनला राहतो. डॉजची चॅलेंजर इथल्याच कारखान्यात बनत असे आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली, तेव्हा वाईट वाटले.

डॉजच्या इंजिनांचे हेमी हे नाव ज्वलनकक्षाच्या अर्धगोल आकारावरून आले आहे. व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके बसतात, त्यामुळे ते मोठे ठेवता येतात आणि हवा सरळ वाटेने आत-बाहेर करते. १९६४ च्या डेटोना ५०० शर्यतीत ४२६ हेमीने पहिले तीनही क्रमांक घेतले, रिचर्ड पेटी पहिला आला आणि पुढच्या वर्षी नॅसकारने, म्हणजे शर्यत भरवणाऱ्या संस्थेने, नियम बदलून हे इंजिन बाहेर ठेवले. अलीकडच्या हेमीचा आकार पूर्ण अर्धगोल राहिलेला नाही, पण प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आहेत, कारण एवढ्या मोठ्या कक्षात एका ठिणगीची ज्योत कडेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

२०१५ चे हेलकॅट हे ६.२ लिटरचे इंजिन ७०७ अश्वशक्तीचे होते. त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा नव्हता, ओतीव लोखंडाचा होता, कारण वरून २.४ लिटरचा सुपरचार्जर हवा कोंबत असताना डॉजला ब्लॉक वाकण्याचा धोका नको होता. तो सुपरचार्जर फिरवण्यातच पूर्ण वेगाला सुमारे ८० अश्वशक्ती खर्च होते. गाडीचे वजन दोन टनांच्या घरात, त्यामुळे वळणावर ती मस्टँग-कॅमारोच्या मागे पडते, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण सरळ पाव मैलासाठी बनवलेल्या २०१८ च्या डीमनने ९.६५ सेकंदांची वेळ दिली, आणि २०२३ च्या डीमन १७० ने, ई८५ (मुख्यतः इथेनॉल असलेल्या) इंधनावर १,०२५ अश्वशक्तीसह, ८.९१ सेकंदांची. पुशरॉड इंजिनाबद्दल बोलताना हे आकडे विसरू नयेत.

रानवारा

धागा मन लावून वाचत आहे. फोर्डच्या शेल्बी जीटी३५० मध्ये आणि नव्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये फ्लॅट-प्लेन क्रँक आहे असे सर्वत्र वाचते, आणि त्याच्यासोबत लगेच थरथरीची तक्रारही वाचते. क्रँकचा कोन बदलला तर इंजिन थरथरते का? आणि थरथरते तर मग ते करायचेच कशाला?

वुडवर्ड

रानवारा, हा प्रश्न या धाग्याच्या अगदी गाभ्यातला आहे, त्यामुळे उत्तर लांब होईल.

नेहमीच्या अमेरिकन व्ही-८ मध्ये क्रँकच्या (पिस्टनांची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या दंडाच्या) चार जोडण्या एकमेकींशी ९० अंशांत असतात. पुढून पाहिले तर अधिकचे चिन्ह दिसते. त्याला क्रॉस-प्लेन म्हणतात. फ्लॅट-प्लेनमध्ये चारही जोडण्या एकाच पातळीत, दोन वर आणि दोन खाली असतात. आता पिस्टनची चाल शुद्ध लयीची नसते. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने वरच्या अर्ध्या फेऱ्यात पिस्टन जास्त जोराने वळतो आणि खालच्या अर्ध्यात कमी. या फरकातून क्रँकच्या दुप्पट वेगाने होणारे एक हिसक्याचे बल तयार होते. क्रॉस-प्लेनमध्ये वेगवेगळ्या पिस्टनांची ही बले एकमेकांना पूर्ण खोडून काढतात; त्या बदल्यात क्रँकवर मोठी वजने लावावी लागतात आणि क्रँक जड होतो. फ्लॅट-प्लेनमध्ये ती खोडली जात नाहीत, उलट एकत्र येतात आणि ९० अंशांच्या व्ही-८ मध्ये इंजिनाला आडवे, डावी-उजवीकडे हलवतात.

फायदा असा की क्रँक हलका होतो, त्यामुळे इंजिन आरपीएम झटकन चढते आणि उतरते. शिवाय प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होतात, म्हणून एक्झॉस्टमध्ये एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. क्रॉस-प्लेनमध्ये एका बाजूचे दोन सिलिंडर मध्येच लागोपाठ पेटतात, आणि वुडवर्डवर ऐकू येणारी ती गडगड गडगड त्यातूनच येते.

या हिसक्याचे बल हलणाऱ्या वजनाच्या प्रमाणात वाढते आणि रॉडची लांबी सारखी धरली तर स्ट्रोकच्या वर्गाच्या प्रमाणात. फोर्डच्या व्हूडूचा, म्हणजे जीटी३५० च्या ५.२ लिटर इंजिनाचा बोअर ९४ आणि स्ट्रोक ९३ मिलिमीटर आहे. कॉर्व्हेटच्या एलटी६चा बोअर १०४.२५ आणि स्ट्रोक ८० मिलिमीटर. ९३ ला ८० ने भागून वर्ग केला तर १.३५ येते. इतर सगळे सारखे मानले, तर एकाच आरपीएमला व्हूडूमध्ये या बलाचा जोर पस्तीस टक्के जास्त असणार, तोही केवळ स्ट्रोकमुळे. पुन्हा मूळ तेच: ज्याच्या वाट्याला १०० मिलिमीटरचे अंतर आले त्याला बोअर वाढवता आला नाही, म्हणून स्ट्रोक लांब राहिला. फोर्डने त्यात क्रँकची मांडणीही वर-खाली-वर-खाली अशी निवडली, जी इंजिनाला पुढून-मागे डोलवण्याची आणखी एक प्रवृत्ती देते. इतके असूनही त्यांनी ते ८,२५० आरपीएमपर्यंत फिरवले, ५२६ अश्वशक्तीसह. कोथरूड यांच्या सूत्राने पिस्टनचा वेग काढला तर तो सेकंदाला २५.६ मीटर येतो. एलटी६ ८,६०० पर्यंत फिरूनही २२.९ वरच थांबते.

म्हणूनच मला व्हूडूबद्दल विशेष आदर आहे. प्रतिकूल मापांचा ब्लॉक हाती असताना केलेले ते काम आहे.

कोथरूड ते केंटकी

एलटी६बद्दल थोडी भर. ६७० अश्वशक्ती, ८,४०० आरपीएमला, तीही सुपरचार्जर किंवा टर्बोशिवाय. प्रत्येक इंजिन बोलिंग ग्रीन येथे एकच तंत्रज्ञ सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने बांधतो. हे इंजिन आधी २०२० पासून सी८.आर या शर्यतीच्या गाडीत धावले आणि मग २०२३ च्या झेड०६ मध्ये आले. हेड संपूर्ण नवे, पण सिलिंडरांमधले अंतर १९५५ सालचेच, ४.४ इंच. व्हॉल्व्हची फट कारखान्यातच पातळ चकत्या लावून कायमची बसवली जाते, म्हणजे बुलेटवाल्यांना तिथे झाकण उघडण्याचे काम पडणार नाही.

रुंद बोअर आणि आखूड स्ट्रोक ही मापे मला एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतात. १९६० च्या दशकात ट्रान्स-ॲम शर्यतीत ५ लिटरची मर्यादा होती. शेव्हरोलेने ३२७ घन इंचांच्या ब्लॉकमध्ये २८३ चा आखूड क्रँक बसवून कॅमारो झेड/२८ साठी ३०२ घन इंचांचे इंजिन केले: बोअर चार इंच, स्ट्रोक तीन इंच. १९६९ मध्ये फोर्डने बॉस ३०२ आणले: बोअर चार इंच, स्ट्रोक तीन इंच. दोन्हींची जाहीर केलेली शक्ती २९० अश्वशक्ती. कॅमारोने १९६८ आणि १९६९ चे विजेतेपद घेतले, मस्टँगने १९७० चे. लिटरची मर्यादा दोघांवर सारखी घातली तेव्हा दोन्ही कंपन्या एकाच मापावर येऊन पोहोचल्या. मर्यादा उठली की प्रत्येकजण आपापल्या घरच्या ब्लॉककडे परतला. फोर्डनेही २०२० मध्ये मोठ्या ट्रकसाठी ७.३ लिटरचे नवे कोरे इंजिन काढले तेव्हा पुशरॉडच निवडले.

सांगलीचा बुलेटवाला

कोथरूड, वुडवर्ड, दोघांचे मनापासून आभार. चकत्यांचे वाचून बरे वाटले, कारण आमच्याकडे ज्या मोटारसायकलींना चकत्या असतात, त्यांची फट मोजायला फीलर गेज घेऊन बसावे लागते आणि चकती बदलायची तर कॅमशाफ्ट काढावा लागतो. एकच शंका उरली. कडक स्प्रिंगमुळे कॅमवर दाब वाढतो, मग कॅमची नाके झिजत नाहीत का?

वुडवर्ड

जुन्या सपाट टॅपेटमध्ये झिजतच होती, आणि नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटे इंजिन दोन हजारांच्या वर ठेवून ती नाके जुळवून घ्यावी लागत. एलएस आणि एलटी घराण्यात टॅपेटच्या तळाशी छोटे रोलर आहेत, ते कॅमवर घासत नाहीत, गडगडत जातात. त्यामुळे कॅमचा उतारही जास्त तीव्र ठेवता येतो आणि व्हॉल्व्ह लवकर पूर्ण उघडतो. मित्राच्या गॅरेजमधल्या एलटी१चा एक टॅपेट मी हातात घेऊन पाहिला होता. रोलर अंगठ्याने फिरवला तर आवाजसुद्धा होत नाही. पुढच्या वेळी गेलो की त्याचा फोटो काढून इथे टाकतो.